तुरुंगाला पैसे कमी पडले की नेमकं भरतं कोण?

मृण्मयी_क | २७ ऑक्टोबर, रात्री १०:४०

भाऊबीजेच्या जेवणात विषय कसा निघाला ते आठवत नाही, पण श्रीखंड संपेपर्यंत घराचे दोन तट पडले होते. मी विधी स्वयंसेवक म्हणून महिन्यातले दोन बुधवार एका जिल्हा कारागृहात जाते (कुठलं ते लिहीत नाही, आत जायची परवानगी जायची). मोठे मामा म्हणाले, "त्यांना फुकट गिळायला घालता, वर तुम्ही शिकवायला जाता. कापा तो खर्च आणि शाळांना द्या." मी तावातावाने बोलले खरी, पण रात्री भांडी आवरताना कळलं की मामांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नव्हतं.

माझ्याकडे आकडे होते. आर्थर रोडची क्षमता ९९९, आत तीन हजारांच्या वर माणसं. येरवड्याची २,४४९, तिथे सहा हजारांच्या वर. मामा आकड्यांनी हलत नाहीत. मी जाते तिथले शिवणकामाचे मास्तर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. अकरा मशीनवर मेणकापड टाकून खोलीला कुलूप. किल्ली ज्या हवालदारांकडे असते त्यांची ड्युटी मुलाखत कक्षावर. म्हणजे मामांना हवाय तसा खर्च कापलाच गेलाय की! कुणी जाहीर केलं नाही इतकंच.

तर प्रश्न असा: पैसे आटले की तुरुंगात सगळ्यात आधी काय बंद पडतं? आतून, बाहेरून, जसं बघितलं असेल तसं लिहा. "मानवाधिकारवाले विरुद्ध फाशी द्या" हा सामना नको, तो आमच्याकडे होऊन गेलाय.

गोट्या_कोल्हापुरी | रात्री १०:५२

जागा धरली. लाह्या भाजायला टाकल्यात.

रोखठोक | रात्री ११:१५

सामना नको म्हणालात तरी मामांच्या बाजूने कुणीतरी खेळायला हवं, मी खेळतो.

माझ्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पावसाळ्यात दोन वर्ग एकत्र बसतात, कारण एका खोलीचं छप्पर गळतं. त्या पोरांनी कुणाचं काय चोरलंय? माझ्या चुलत्याने चाळीस वर्षं कर भरला आणि खुब्याच्या ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात चार महिने तारीख मिळेना. आत मात्र दोन वेळचं जेवण, चहा, औषध, वकील, सगळं सरकारी. पैसा मर्यादित असेल तर रांगेत कैदी शेवटी उभा राहील. यात क्रूर काय आहे ते मला कुणीतरी समजावून सांगा.

निवृत्त_टोपी | २८ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

मृण्मयीताई, ३३ वर्षं या खात्यात काढली. शिपाई म्हणून लागलो, सुभेदार होऊन निघालो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: सगळ्यात आधी बंद होते ती शिपायाची साप्ताहिक सुट्टी.

आता सविस्तर. केंद्राची २०१६ ची आदर्श नियमपुस्तिका म्हणते, सहा कैद्यांमागे एक पहारेकरी. माझ्या शेवटच्या ठिकाणी रात्रपाळीला चार बरॅकींना मिळून एक शिपाई फिरायचा. हातात काठी, शिट्टी आणि बॅटरी. आत प्रत्येक बरॅकीत दीड-दोनशे माणसं. रात्री दोनला कुणाच्या छातीत कळ आली तर तो शिपाई कुलूप उघडू शकत नाही, उघडायचंच नसतं. आधी गेटला कळवायचं, अधिकारी येणार, किल्ली येणार, जादा माणसं येणार. जादा माणसं कुठली? दिवसपाळी करून क्वार्टरमध्ये झोपलेली. बायका दार उघडून म्हणायच्या, आत्ताच तर डोळा लागलाय त्यांचा.

माणूस कमी पडला म्हणून कारभार थांबत नाही बरं का. कारभारी बदलतो. बरॅकीत झोपायची जागा लादीच्या हिशेबाने मिळते. पंख्याखालची लादी कुणाला, संडासाजवळची कुणाला, हे आम्ही ठरवायचं. शिपाई फिरकेनासा झाला की ते आतला दांडगा माणूस ठरवतो, आणि त्याचा दर असतो. नव्या कच्च्या (खटला न संपलेल्या) कैद्याच्या घरून मनिऑर्डर किती येते हे त्या दांडग्याला आमच्या ऑफिसच्या आधी कळलेलं असायचं.

आम्ही धुतल्या तांदळाचे होतो असं म्हणत नाही. बाराची ड्युटी सोळावर गेली की माणूस डोळेझाक करायला शिकतो. काहींनी डोळेझाकीचेही पैसे केले. त्यांची नावं मला पाठ आहेत, इथे लिहिणार नाही.

काळी_मांजर | सकाळी ७:३०

निवृत्त_टोपी काका, लादीचा हिशेब वाचून चहा गार झाला. अजून लिहा.

कच्चा_वकील | सकाळी ९:४८

काकांना दंडवत.

रोखठोक, तुमच्या रांगेत एक घोळ आहे. ज्यांना शेवटी उभं करताय त्यांतल्या बहुतेकांवर अजून काही शाबीतच झालेलं नाही. २०२२ अखेरची राष्ट्रीय आकडेवारी: देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं, जागा ४,३६,२६६. आतल्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. शिक्षा झालेले सगळेच्या सगळे घरी पाठवले तरी नुसत्या कच्च्यांनी तुरुंग गच्च भरतात.

माझ्या पोटापाण्याच्या बाजूने सांगायचं तर पैशाची टंचाई तारखेला दिसते. कैदी कोर्टात आणायला पोलीस मुख्यालयाचा गार्ड लागतो. गणपती आले, निवडणूक आली, मंत्र्यांचा दौरा आला, गार्ड नाही. रोजनाम्यात शेरा, "आरोपी हजर केला नाही", आणि पुढची तारीख. त्यावर उपाय म्हणून व्हीसी, म्हणजे तुरुंगातूनच व्हिडिओवर हजेरी, आली. सोय चांगली आहे, पण एका कॅमेऱ्यासमोर चाळीस जणांची रांग असली की न्यायाधीशांना आरोपीचं कपाळ तेवढं दिसतं.

माझा एक अशील. मोबाइल चोरीचा आळ. पंधरा हजारांवर जामीन मंजूर झाला. मंजूर! तरी साडेपाच महिने आतच, कारण पंधरा हजार नाहीत आणि सॉल्व्हन्सीवाला, म्हणजे ऐपतीचा दाखला असलेला, जामीनदार नाही. तेवढ्या काळाचं त्याचं जेवण, पहारा, तारखेच्या गाडीचं डिझेल, सगळं तुमच्या चुलत्यांच्या करातून गेलं. अशांसाठीच केंद्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर केली: जामिनाला ४० हजारांपर्यंत, दंडाला २५ हजारांपर्यंत मदत, आणि सगळ्या देशासाठी वर्षाला २० कोटी. मी त्या अशिलासाठी कागद गोळा करत होतो तोवर त्याच्या बहिणीने मंगळसूत्र गहाण टाकून त्याला सोडवलं.

१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटका (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, अंगावर एकाहून जास्त खटले असले तरी नाही). पण कुणाचा तृतीयांश कधी भरतो याची वही रोज कुणीतरी बघायला हवी ना? म्हणजे आला पुन्हा माणूस.

रोखठोक | सकाळी १०:२०

मग तुरुंगाला पैसे देण्यापेक्षा जामीन सोपा करा. आत माणसं कमी, खर्च कमी. म्हणजे माझंच म्हणणं झालं.

कच्चा_वकील | सकाळी १०:२४

हो. चुकून आमच्या बाजूला आलात. बसा, चहा घ्या.

रोखठोक | सकाळी १०:३१

चहा तुमच्या खर्चाने. आणि जामिनावर सुटून परत चोरी करणाऱ्यांवरही चार ओळी लिहा. आमच्या सोसायटीत एकच मुलगा दोनदा सापडलाय, दोन्ही वेळा सायकलच.

गोट्या_कोल्हापुरी | सकाळी १०:३३

लाह्या तयार. कुणाला हव्यात?

ट्रेंटकाठची | दुपारी ३:१०

इकडे इंग्लंडमध्ये हा प्रयोग जाहीरपणे, तारीखवार करून झालाय, म्हणून लिहिते. मी मानसिक आरोग्याची नर्स. २०११ पासून साडेपाच वर्षं मिडलंड्समधल्या एका तुरुंगातल्या दवाखान्यात होते.

२०१० मध्ये सरकारने ठरवलं, न्याय मंत्रालयाचा खर्च चार वर्षांत २३ टक्क्यांनी कमी करायचा. इमारती विकून तेवढं निघत नाही. सगळ्यात मोठा खर्च पगाराचा, मग पगारालाच हात घातला. पुढच्या चार वर्षांत सरकारी तुरुंगांतले चतुर्थांशाहून जास्त पहारेकरी कमी झाले. २०१३ मध्ये पैसे देऊन स्वेच्छेने जा म्हणाले, आणि गेले कोण? वीस-पंचवीस वर्षं झालेले. आमच्या विंगवर एक म्हातारा अधिकारी होता. सकाळी दारं उघडताना नुसती पावलं ऐकून सांगायचा, "अमुक आज ठीक नाही, त्याला आधी बघ." दहापैकी आठ वेळा बरोबर. तो गेला आणि त्याच्या जागी, बऱ्याच महिन्यांनी, एकवीस वर्षांची मुलगी आली. बिचारी स्वतःच घाबरलेली.

निवृत्त_टोपी काका म्हणतात आधी सुट्टी जाते. मी पाहिलं त्यात आधी दार उघडणं बंद झालं. विंगवर माणूस नाही म्हणून कैदी कोठडीतच. दिवसाचे बावीस-तेवीस तास. माझ्या यादीत सकाळी बारा रुग्ण असायचे, तिघे यायचे. बाकीच्यांना आणायला कुणी नाही. मी पगार घेऊन रिकाम्या खुर्चीसमोर बसायची. ही बचत! मग स्पाइस नावाचा कृत्रिम गांजा आला आणि पसरला, कारण खोलीत तेवीस तास करायचं काय? स्वतःला इजा करून घेण्याच्या नोंदी २०१० मध्ये वर्षाला सत्तावीस हजारांच्या आसपास होत्या, २०१६ मध्ये चाळीस हजारांवर. त्यातल्या काही मी स्वतः लिहिल्यात.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने अडीच हजार पहारेकरी नव्याने भरायची घोषणा केली. ज्यांना पैसे देऊन घालवलं त्यांची उणीव पैसे देऊन भरायची. पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅमच्या तुरुंगात बारा तास दंगल. तो जीफोरएस या खाजगी कंपनीकडे होता, २०१८ मध्ये सरकारने परत ताब्यात घेतला. सुटलेल्यांवर देखरेख करणाऱ्या खात्याचंही तसंच: २०१४ मध्ये अर्धंअधिक खाजगी केलं, २०२१ मध्ये परत सरकारी. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जागाच उरली नाही म्हणून अनेकांना निम्म्याऐवजी ४० टक्के शिक्षा भोगल्यावर सोडायला लागले. पहिल्याच दिवशी सतराशेच्या आसपास लोक बाहेर. रोखठोक, तुम्ही इथे असता तर त्या दिवशी तुमचं डोकं फिरलं असतं, आणि मी तुम्हाला दोष दिला नसता.

अवांतर: मध्ये एका मंत्र्याने कैद्यांना घरून पुस्तकं पाठवायलाही बंदी केली होती. उच्च न्यायालयाने २०१४ च्या डिसेंबरात ती बेकायदा ठरवली. त्या बंदीने किती पौंड वाचले ते अजून कळलेलं नाही.

पुणे_३० | दुपारी ३:४०

इतके प्रतिसाद झाले आणि नॉर्वेचं नाव कुणी काढलं नाही?

गोट्या_कोल्हापुरी | दुपारी ३:४१

नॉर्वे. घ्या, झालं.

नवा_आयडी_आहे | रात्री ९:५५

मी इथली जुनीच सभासद आहे. या एका प्रतिसादासाठी नवा आयडी घेतलाय, कारण माझ्या नेहमीच्या नावावर पाककृती आहेत आणि तिथे मला हे नको.

माझा धाकटा भाऊ चौदा महिने आत आहे. आरोपपत्र दाखल आहे, खटला उभा राहिलेला नाही. त्याने केलं की नाही यावर मी बोलणार नाही.

"सगळं सरकारी" असं वर कुणीतरी लिहिलंय. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, दंतमंजन, दोन चड्ड्या, टॉवेल आम्ही दिलं. डाळ पातळ असते म्हणून कँटीनमधून फरसाण, बिस्किटं, लोणचं घेतो, त्याला पैसे आम्ही पाठवतो. महिन्याला अडीच हजार ठरवले होते. तिसऱ्या महिन्यात निरोप आला, चार पाठवा. का, ते फोनवर सांगता येत नाही म्हणाला. काकांचं लादीचं वाचल्यावर मला आज कळलं का.

आई नि मी नव्वद किलोमीटर एसटीने जातो. सकाळी सहाची गाडी, नाव नोंदवायला रांग. काचेपलीकडे तो, मध्ये फोन. सहा फोन आहेत, गेल्या खेपेला दोन चालत होते. वीस मिनिटांतली बारा आमच्या आधीच्या बाईंचं उरकेपर्यंत गेली. त्यांनाही काय म्हणणार. आईला कमी ऐकू येतं, ती नुसती काचेला हात लावून उभी होती.

त्याच्या पायाला गजकर्ण झालंय. आत डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. मलम लिहून दिलं, ते शिल्लक नव्हतं. बाहेरून आणून दिलं, ते आत जायला नऊ दिवस लागले.

चौदा महिन्यांत आमचे ७१ हजार गेले. वकील सोडून. माझ्याकडे वही आहे.

काळी_मांजर | रात्री १०:०३

ताई, काय लिहू कळत नाही. वाचलं एवढं सांगते.

रोखठोक | रात्री १०:४०

ताई, "सगळं सरकारी" मीच लिहिलं होतं. ते चुकीचं आहे, मागे घेतो. बाकीच्या मतांवर अजून विचार करतोय, ती लगेच बदलली असं म्हणणं खोटं होईल.

नवा_आयडी_आहे | रात्री १०:५८

नका बदलू. माझंही पूर्वी तेच मत होतं.

लेखाशीर्ष | २९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी सरकारी लेखा शाखेत आहे. तुरुंग खात्यात नाही, पण पैशाचा स्वभाव सगळ्या खात्यांत एकच.

कपात म्हटली की लोकांना वाटतं मंत्रालयात कुणीतरी कात्री घेऊन बसलंय. अलीकडे ती कात्री उघड दिसली ती ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या शासन निर्णयात: विकासकामांना ३३ टक्केच निधी, नवी भरती बंद. करोना होता, समजू शकतो. एरवी कपात आवाज न करता येते. जाहिरात काढू नका. पद रिक्त राहू द्या. बीम्सवर (खात्यांना निधी वाटायची सरकारी संगणक प्रणाली) पहिल्या तिमाहीत थोडं टाका, बाकीचं "नंतर". ते नंतर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उगवतं आणि खर्च होत नाही म्हणून परत जातं. वर ऑडिटमध्ये आक्षेप येतो, निधी का वापरला नाही!

आता तुरुंगाचं घ्या. आहार कापता येत नाही, माणसं वाढली की तो वाढतोच. आहेत त्यांचा पगार कापता येत नाही. वीज-पाणी नाही. मग कात्री फिरवायला राहिलं काय? कच्चा माल, दुरुस्ती, डिझेल, औषधं, पुस्तकं, प्रशिक्षण आणि रिकाम्या खुर्च्या. मृण्मयी, तुमच्या शिवणमास्तरांचं पद मेलेलं नाही. ते "मंजूर, रिक्त" म्हणून दरवर्षी तक्त्यात येतं. कागदावर तुमच्याकडे शिवणकाम चालू आहे.

उलटी गंमत म्हणजे नव्या इमारतीला पैसे मिळतात. भूमिपूजन होतं, फोटो येतो. शिपायाच्या पगाराचं भूमिपूजन करता येत नाही.

रोखठोक | दुपारी १:३५

हे शाळांनाही शंभर टक्के लागू. आमच्याकडे संगणक कक्षाचं उद्घाटन झालंय, शिक्षक नाही.

पुणे_३० | दुपारी २:०२

कच्च्या मालावरून आठवलं, आमच्याकडे येरवड्याच्या तुरुंगात विणलेली सतरंजी आहे. माझ्या मुंजीत घेतलेली. तीवर तीन बारशी, एक साखरपुडा आणि असंख्य पत्त्यांचे डाव झालेत, एक धागा निघालेला नाही. दुकानातली परवा घेतली ती पहिल्या धुण्यात मेली.

निवृत्त_टोपी | दुपारी ४:४५

सतरंजीवाले, मागावर बसलेला माणूस जन्मठेपेचा असला की त्याला घाई नसते, म्हणून वीण घट्ट येते. हसू नका, खरं आहे.

पण लेखाशीर्ष साहेबांनी म्हटलं तसंच व्हायचं. सूत वेळेवर आलं नाही की माग बंद. माग बंद की मजुरी बंद. कुशल कैद्यालाही दिवसाला शंभर रुपये मिळत नाहीत, पण तेवढ्यात त्याचं कँटीन भागतं, उरलेलं तो घरी पाठवतो. मजुरी थांबली की उलटं होतं, घरच्यांना पत्र जातं. म्हणजे सुताचे पैसे सरकारने वाचवले नि भरले त्या नव्या आयडीच्या ताईंसारख्यांनी.

बरं झालेलंही सांगतो. २०२२ मध्ये येरवड्यात "जिव्हाळा" नावाची कर्जयोजना सुरू झाली. राज्य सहकारी बँक कैद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज देते, सात टक्क्यांनी, फेड मजुरीतून. पोरीची फी, वकिलाची फी, यासाठी.

रोखठोक | दुपारी ४:५२

सात टक्के?! माझं गृहकर्ज यापेक्षा महाग आहे!

गोट्या_कोल्हापुरी | दुपारी ४:५३

मग काय, करा अर्ज. पात्रतेची अट तेवढी वाचून घ्या.

माणदेशी_राजू | रात्री ८:३०

आटपाडीचा आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही. स्वस्त तुरुंग बघायचा तर आमच्याकडे या. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांनी १९३९ मध्ये माळावर कैद्यांची वसाहत उभी केली. डोकं मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनिअराचं. खुनाच्या शिक्षेची माणसं, बायकापोरं बरोबर, भिंत नाही, शेती करा नि राहा. तेच स्वतंत्रपूर, अजून आहे. त्यावरून पुढे सिनेमाही निघाला. शाळेत असताना आम्ही सायकली काढून "जेल" बघायला गेलो होतो. एक बाबा मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. त्यांना विचारलं, जेल कुठं आहे हो? म्हणाले, "ह्येच की. पाणी पिताय का?"

गोट्या_कोल्हापुरी | रात्री ८:३६

औंधचे राजे म्हणजे सूर्यनमस्कारवाले ना? रोज पहाटे तीनशे घातल्यावर पळायचं त्राण कुणात उरतंय.

कच्चा_वकील | रात्री ८:५०

राजू, खुली कारागृहं मलाही आवडतात, पैठणलाही आहे. पण तिथे जातो तो शिक्षा झालेला, वर्तणूक चांगली असलेला पक्का कैदी. पंधरा हजारांवाला माझा अशील तिथे जाऊच शकत नाही. ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला तो मोकळ्या माळावर, आणि ज्याच्यावर नाही तो संडासाजवळच्या लादीवर. हसावं की रडावं.

बे_एरिया_बाबू | ३० ऑक्टोबर, सकाळी ७:१५

अमेरिकेतून थोडक्यात. १९९४ मध्ये इथे कैद्यांची पेल ग्रँट, म्हणजे कॉलेजची सरकारी मदत, बंद केली. "आमच्या पोरांना कर्ज नि चोरांना फुकट शिक्षण" हाच मुद्दा, रोखठोक यांचाच. २०१३ मध्ये रँड संस्थेने जुने अभ्यास एकत्र तपासले: आत शिकलेल्यांची पुन्हा तुरुंगात यायची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी, आणि शिक्षणावरच्या एका डॉलरमागे पुढचे चार-पाच डॉलर वाचतात. ग्रँट पुन्हा चालू झाली जुलै २०२३ मध्ये. एकोणतीस वर्षांनी.

आणि कॅलिफोर्नियात दवाखान्यावर खर्च केला नाही, जागेच्या जवळपास दुप्पट माणसं कोंबली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणा म्हणून फर्मावलं. (हो, साडेसदतीस. अर्धा टक्का कुणाच्या वाट्याचा ते विचारू नका.)

रोखठोक | सकाळी ९:०५

मूळ धाग्याकडे येऊ. निवृत्त_टोपी काका, समजा मी अर्थमंत्री. माझ्याकडे थोडेसेच पैसे आहेत आणि मला तुमच्या शेवटच्या तुरुंगाला फक्त तीन गोष्टी द्यायच्यात. तत्त्वज्ञान नको, यादी द्या.

निवृत्त_टोपी | सकाळी ११:३०

तीन गोष्टी कशाला, तीन माणसं द्या. एक, रात्री मुक्कामाला असणारा कंपाउंडर, म्हणजे छातीत कळ आली की किल्लीची वाट बघावी लागणार नाही... चुकलो, किल्ली तरीही लागेलच, पण पुढचं कुणालातरी कळेल. दोन, एक कारकून, जो वकीलसाहेब म्हणाले ती तृतीयांशाची वही रोज बघेल. तिसरा शिपाई. तो कुठेच नेमू नका. कुणी आजारी पडला, कुणाची बहीण वारली, कुणाला रविवार हवा, तिथे तो उभा राहील.

इमारत नको. इमारत दिलीत तर तिला पहारा आमच्यातूनच द्यावा लागेल.

रोखठोक | सकाळी ११:४२

मंजूर. (रिक्त.)

मृण्मयी_क | २ नोव्हेंबर, रात्री ९:२०

उशिरा आले, बुधवारची खेप होती. मामांना धागा पाठवला होता. त्यांनी पूर्ण वाचला असावा, कारण उत्तर एकाच ओळीचं आलं: "त्या नव्या आयडीच्या मुलीला विचार, वकील धड आहे का."

नवा_आयडी ताई, विचारतेय.

नवा_आयडी_आहे | रात्री १०:१०

आहे म्हणायचं. फोन उचलत नाहीत.

कच्चा_वकील | रात्री १०:१६

ताई, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीतल्या माणसाला तिथला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना कलमं आणि अटकेची तारीख लिहून न्या, तृतीयांश मोजता येईल. मला संदेश केलात तरी चालेल, जिल्हा कुठलाही असो.

मृण्मयी_क | रात्री १०:३०

धन्यवाद, वकीलसाहेब. बुधवारी शिवणखोली उघडून घेतली. साहेब म्हणाले, मास्तर नाहीत तर वर्ग कसा सुरू करणार, अर्ज केलात तर वर पाठवतो.

निवृत्त_टोपी | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:००

मशीन पायाच्या की मोटरच्या? पायाच्या असतील तर पट्टे बघा. चामड्याचे असतात, उंदीर सोडत नाहीत.

मृण्मयी_क | सकाळी ८:१५

पायाच्या. अकरापैकी सात पट्टे शिल्लक.

निवृत्त_टोपी | सकाळी ८:४०

सात पुष्कळ झाले. अर्जात "शिवणवर्ग सुरू करणेबाबत" लिहू नका, पद रिक्त म्हणून परत येईल. "यंत्रांची तपासणी व देखभाल करणेबाबत" असं लिहा. तपासायला मी येतो. देखभाल म्हणजे मशीन चालवून बघावीच लागते, आणि सात मशीन मी एकटा थोडाच चालवणार. काज-बटण मला येतं.

लेखाशीर्ष | सकाळी ९:०१

हा प्रतिसाद मी वाचलेला नाही.